पावणा मासा

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला नावं ठेवणार नाही. मालवणच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी 'रीत दाखव' म्हणायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मासे घेताना कोळीण माझ्यासमोर कल्ला उघडून दाखवते, मी मागायच्या आधी.

कोल्हापूरला मी निघाले ती धाकट्या बहिणीच्या मुलीची सुपारी फुटायची होती म्हणून. नंदा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सव्वीस वर्षांपूर्वी सुरेशराव तिला बघायला मालवणला आले, तेव्हा वडलांनी खास बांगडे आणले होते. या गृहस्थांनी बांगड्याला बोटही लावलं नाही, सोलकढी-भात खाऊन उठले. मी वडलांना आतल्या खोलीत नेऊन सांगितलं, "हा माणूस काहीतरी लपवतोय." लग्न झालं, पण माझं वाक्य नंदाच्या कानावर गेलं होतं आणि ते तिने कधी विसरलं नाही.

सुरेशरावांनी काही लपवल्याचं मला आजवर सापडलेलं नाही. तरी मी शोधायचं सोडलं नव्हतं. आमच्याकडे जावयाचं पान वेगळं मांडतात. ते मालवणला आले की मी त्यांना एकट्याला आधी वाढायची आणि समोर बसून ते काटे कसे काढतात ते बघत राहायची. मान म्हणून, आणि खरं सांगायचं तर पहारा म्हणूनही.

गुरुवार, गगनबावडा

घाट चढून एसटी गगनबावड्याला थांबली तेव्हा चार वाजून गेले होते आणि धुक्यात समोरचं दुकान दिसत नव्हतं. चहा घ्यायला उतरले. चहा गोड होता, म्हणजे आमच्याकडे दोन कपांना घालतात तेवढी साखर एका कपात. एवढी साखर कशाला झाकायला घालतात असा विचार करत मी कप संपवला.

शेजारी मासळीचा टेम्पो उभा होता. मागून पाण्याची धार लागली होती. मी ड्रायव्हरला विचारलं, "बर्फ वितळला की काय सगळा?"

"न्हाय मावशी, बर्फ हाय आत. धुक्याचं पाणी हाय हे," तो म्हणाला.

धुक्याचं पाणी टेम्पोच्या आतून कसं येतं, हे मी त्याला विचारणार होते, पण कंडक्टरने घंटी मारली. घाटावरच्या लोकांना मासा कुठल्या अवस्थेत मिळतो हे आपण बघितलं, आता तोंड सांभाळायचं, असं मी खिडकीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

कोल्हापूर, त्याच संध्याकाळी

नंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. सुरेशराव स्टँडवर न्यायला आले होते. ते एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेत, माणूस बोलायला मोठ्या आवाजाचा. मला ते 'आक्का' म्हणतात. त्यांच्या आईचं माहेर सीमेपलीकडचं, तिकडचा हा शब्द. नंदाच्या तोंडीही आता 'व्हय' आणि 'की' बसलेत. फक्त चिडली की ती मालवणीवर येते.

घरात शिरल्यावर पाणी प्यायच्या आधी तिने मला फ्रीजपाशी नेलं. रविवारी कागलहून मुलाकडचे सात जण जेवायला येणार होते. एरवी कोल्हापुरात अशा वेळी तांबडा-पांढरा रस्सा व्हायचा, पण मुलाच्या वडलांना डॉक्टरांनी मटण बंद केलेलं. नंदाला तर तेच हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सासरच्या गावात माहेरचं जेवण घालायची संधी मिळाली होती. फक्त एक अडचण होती. मुलाच्या त्याच वडलांच्या घशात लहानपणी काटा अडकला होता आणि तेव्हापासून ते काट्याचा मासा खात नव्हते.

"म्हणून हा आणलाय," म्हणत नंदाने वरच्या कप्प्यातून पिशवी काढली. "एक काटा न्हाय. बघ तरी."

तुकडे पांढरेशुभ्र होते. सुरमईचा तुकडा मी डोळे मिटून ओळखीन. त्याचं मांस जरा राखाडी, मध्ये तांबूस पट्टा, कातडं चंदेरी आणि गुळगुळीत. याचं कातडं काळं होतं आणि बोट फिरवलं तर कानशीसारखं खरखरत होतं. वास घेतला, तर वासच नाही. मासा आहे आणि वास नाही, याचा मला फार राग आला.

"कसला मासा?"

"सुरमईच की," सुरेशराव मागून म्हणाले. "लई भारी हाय म्हणं. दुकानदार कुणाला देत नव्हता. म्हणला, हा पावणा मासा हाय. मी म्हणलं, मग आमच्याच घरी पावणं येणारायत. द्या आम्हाला सगळा."

"सुरमई नाही ही."

नंदाने पिशवी माझ्या हातातून काढून परत आत ठेवली. "ताई, तुका माझ्या लग्नातसुद्धा वास इललो," ती म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

शुक्रवार

सकाळी सुरेशरावांनी मला ताजं दूध प्यायला नेलं. रस्त्यावर म्हैस उभी, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतो. मी पेला आधी उलटा करून आत पाणी नाही ना ते बघून घेतलं. गवळ्याने सुरेशरावांकडे बघितलं. सुरेशराव म्हणाले, "मास्तरीण हाय. घाल तू." दूध अप्रतिम होतं, हे कबूल करते. त्यात काही खोट निघाली नाही, म्हणून दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं.

तिथून मी मासळीबाजाराचा हट्ट धरला. सुरेशरावांनी हुज्जत घातली नाही, याचंही मला नवल वाटलं. दुकानदार लुंगी नेसलेला जाडजूड माणूस, त्याला सगळे मामा म्हणत होते. माझी चौकशी ऐकून तो हसला.

"पावणं कोकणातलं दिसतंय," तो सुरेशरावांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आक्का, माल तुमच्याच मुलखातला हाय. मालवणचा माणूस धाडतोय मला. दहा वरसं झाली, कधी फसवलं न्हाय."

"मालवणात असला मासा नाही," मी म्हणाले.

"मग तुम्हीच इचारा की त्याला." त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू करून बर्फाच्या पाटीवर ठेवला. "हां, बोला. तो पावणा मासा नक्की कुठला म्हणून इचारायला लागल्यात."

पलीकडून उत्तर आलं, "अरे, सांगलंय मा तुका, पावणो आसा तो. मोठ्या बोटीक खोल पाण्यात गावलो. नाव कोणाक म्हायत नाय. पावणो म्हणानच दी."

मी फोनकडे वाकले. तो आवाज बाबलचा होता. बाबल माझा सख्खा चुलतभाऊ, आमच्या दोन घरांमध्ये एक माडाचं झाड आहे. बंदरावर माल उचलून घाटावर धाडायचा त्याचा धंदा मला ठाऊक होता. गगनबावड्यापासून मी सगळ्या मुलखावर संशय घेत आले होते, फक्त आमच्या जेटीवर घेतला नव्हता.

"बाबल्या, तू खाल्लंस तो मासो?" मी विचारलं.

"अगो ताई? तू खंयसून बोलतस?" तो गडबडला. "मी खावक नाय. लोक म्हणतत एक्स्पोर्टाक जाता, म्हणजे बरोच असतलो."

आता हे 'पावणो' काय ते सांगायला हवं. आमच्या वाडीत जाळ्यात नाव नसलेला, आपल्या पाण्यात न दिसणारा मासा आला की त्याला 'पावणो' म्हणतात. वडलांचा नियम होता, पावणो त्या दिवशी कुणी खायचा नाही. पहिला तुकडा मांजराला. दुसऱ्या दिवशी मांजर धडधाकट दिसलं तर माणसांनी हात लावायचा. बाबलने 'पावणो' म्हटलं ते जपून राहा म्हणून. इकडे मामाने ऐकलं ते पाहुण्यांसाठीचा खास मासा, सोयऱ्याधायऱ्यांना घालायचा. एकच शब्द घाट चढून वर आला आणि अर्थ पार उलटा झाला.

मी घरी येऊन नंदाला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती पिशवी टाकून देईल. उलट तिचे डोळे भरून आले.

"बाबलनं धाडलेलो मासो? म्हणजे आमच्या बंदरावरचो?" ती म्हणाली. "मग आता पोरगी देताना मी हाच वाढणार. आणि आपल्या माणसाच्या माशाकपण तुका वास येता, ताई?"

वडलांच्या मांजराची आठवण करून दिली, तर म्हणाली, तेव्हा फ्रीज नव्हते. स्नेहल, म्हणजे माझी भाची, आईच्या मागे उभी राहून मला हाताने गप्प बसा म्हणून खुणावत होती. मी गप्प बसले. पण मनात हिशेब चालूच होता. रविवारी काही झालं असतं तर कागलच्या लोकांनी स्नेहलचं नाव टाकलं असतं, आणि नंदाने माझं.

शनिवार

नंदा आणि स्नेहल सकाळीच नृसिंहवाडीला गेल्या, सुपारी दत्ताच्या पायावर ठेवून आणायला. मी गुडघा दुखतो म्हणून मागे राहिले. गुडघा दुखत नव्हता. मला मांजर हवं होतं.

सोसायटीत मांजर नाही. खाली वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "गेल्या साली हुतं एक." मी वर आले, दार लावलं आणि पिशवीतून दोन तुकडे काढले. वाडीच्या दिवशी घरात मासा तळायचा म्हणजे पापच, आणि सुरेशराव तर शनिवार पाळतात, अंडंसुद्धा खात नाहीत. मी खिडक्या उघडल्या, मनातल्या मनात दत्ताची माफी मागितली आणि तव्यावर तुकडे टाकले.

तवा बघून माझा संशय दुप्पट झाला. मी चमचाभर तेल घातलं होतं, पाच मिनिटांत तुकडे तेलात बुडालेले. माशातून तेल सुटत होतं, थांबायचं नाव नाही. पिवळसर, जड, बोटाला लावलं तर मेणासारखं. पण चव मात्र अशी की मी जन्मात असा मासा खाल्लेला नाही. तोंडात ठेवला की लोण्यासारखा विरघळत होता. नंदाच्या पाहुण्यांनी बोटं चाटली असती. इतकं चांगलं लागणं मला बरं वाटेना. मी एक पूर्ण तुकडा भाताबरोबर संपवला आणि दुसरा पुरावा म्हणून स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या तळाशी, मेथीच्या जुडीमागे ठेवला.

दोन वाजता सुरेशराव ऑफिसातून आले. दारातच थबकले, नाक वर केलं. खोटं बोलणं मला जमत नाही, मी सगळं सांगून टाकलं. उद्या सकाळपर्यंत मला काही झालं तर मासा वाढायचा नाही, नाही झालं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

त्यांनी आधी तव्याकडे बघितलं आणि नंतर माझ्याकडे. मग एवढंच म्हणाले, "मांजर झालासा व्हय तुम्ही?" आणि कपडे बदलायला आत गेले. त्यांना हसू आलं होतं की राग, ते मला कळलं नाही. नंदाला सांगतील अशी धास्ती मात्र संध्याकाळभर होती. त्या दोघी वाडीहून पेढे घेऊन आल्या, सगळ्यांनी खाल्ले, सुरेशराव काही बोलले नाहीत. यात त्यांचा काय डाव असावा, याचाही मी विचार केला.

रविवार

सकाळी सहाला मला जाग आली ती पोटात दुखून नव्हे. दुखत काहीच नव्हतं. फार तपशील देत नाही. मोटारीचं इंजिन गळतं तसं काहीतरी झालं होतं. नारिंगी रंगाचं तेल, माझ्या परवानगीशिवाय, साडीला डाग पाडून. परत आल्यावर मत्स्यविद्येच्या एका प्राध्यापकांना मी विचारलं. ते म्हणाले, हा खोल काळोख्या पाण्यातला मासा; त्याच्या अंगातली चरबी मेणासारखी असते, माणसाच्या पोटाला ती पचत नाही, जशी जाते तशी बाहेर येते. विष नव्हे, पण फजिती. कापल्यावर तो भल्याभल्यांना ओळखू येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की मी बरोबर होते, आणि खरं सांगते, न्हाणीघरात त्या अवस्थेत मला आनंद झाला.

नंदाला पुरावा दाखवायला मी फ्रीज उघडला. मेथीमागचा डबा नव्हता. शोधला, तर तो भांड्यांच्या जाळीत घासून पालथा घातलेला सापडला.

 तुकडा कुणीतरी खाल्ला होता. मी स्नेहलच्या खोलीत गेले. सात तासांनी जिला साडी नेसून पाहुण्यांसमोर बसायचं होतं, ती गाढ झोपली होती. तिला हलवून विचारलं, "काल फ्रीजमधलं काय खाल्लंस?"

"वाडीचा पेढा सोडून काय न्हाय, मावशी," ती डोळे चोळत म्हणाली.

एवढ्यात नंदा आली. तिला सांगावंच लागलं. तिचा चेहरा लाल झाला. "शनिवारी? वाडीच्या दिवसाक, माझ्या घरात तू मासो तळलंस? आणि तो डबो माझ्यावर ढकलतस?" मी म्हटलं, मी कुणावर ढकलत नाही, मी विचारतेय. ती म्हणाली, तुझं विचारणं तेच असतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून भांडायला लागलो, सव्वीस वर्षांचं सगळं वर यायला लागलं.

तेव्हा न्हाणीघराचं दार उघडलं. सुरेशराव बाहेर आले. केस ओले, कमरेला टॉवेल, आणि हातात धुवून पिळलेली पॅन्ट.

"भांडू नगासा," ते म्हणाले. "मी खाल्लाय तो. ही तिसरी पॅन्ट हाय."

"तुम्ही? शनिवारी?" नंदाने विचारलं.

"भूक लागलती," ते म्हणाले आणि पॅन्ट वाळत घालायला गॅलरीत गेले.

नंदा ओट्याला टेकून खाली बसली. आधी मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, नंतर खरंच रडायला लागली, आणि उठून तिने पिशवी फ्रीजमधून काढून माझ्या हातात दिली. "टाक," म्हणाली. "आणि बाजारात जा. आज मासो तू बघून आण."

बाजारात मामाला सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "मी बी दिलाय की मेव्हण्याच्या घरी. तरीच सकाळधरनं फोन उचलंना झालाय." त्याच्याकडे त्या दिवशी खात्रीचे म्हणावेत असे बांगडेच होते. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत. मी दोनदा बघितले आणि घेतले.

एक वाजता कागलची मंडळी आली. मुलाचे वडील पांढऱ्या टोपीतले ऊसवाले, बोलणं रोखठोक. पानात बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार बघून त्यांनी हात आखडला. "काटं हायती व्हय ह्याला?"

नंदाचा डाव वाटीतच राहिला. मी दारात उभी होते. सुरेशराव त्यांच्या शेजारी बसले होते. स्वतःच्या पानात त्यांनी नुसता दहीभात घेतला होता. त्यांनी पाहुण्यांचं पान आपल्याकडे ओढलं, बांगड्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबलं, मधला काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत अखंड उचलला आणि मग बाजूचे बारीक काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले. माझ्या वडलांनाही यापेक्षा चांगलं जमलं नसतं.

"शिकलासा कुठं हे, पावणं?" कागलकरांनी विचारलं.

"सासुरवाडीला. आक्का समोर बसून बघायच्या. भ्या वाटायचं, म्हणून शिकलो."

सगळे हसले. कागलकरांनी चार बांगडे खाल्ले, एकही काटा न लागता. तीन वाजता सुपारी फुटली.

सोमवार, एसटी स्टँड

मला सोडायला सुरेशराव एकटेच आले. खिडकीत मी, खाली ते, आणि गाडी सुटायला पाच मिनिटं. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असं कधी बोललो नव्हतो.

"खरं सांगा," मी म्हटलं. "भूक लागली म्हणून तुम्ही शनिवार मोडणार नाही. का खाल्लात?"

ते इकडेतिकडे बघायला लागले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज खाली आला होता.

"तुम्ही आमच्या घरी आलासा," ते म्हणाले. "आमच्यात पावण्याला एकटं जेवू घालत न्हाईत, आक्का."

गाडी सुटली. गगनबावड्याला चहाला सगळे उतरले, मी जागेवरच बसून राहिले. ते मालवणला आले की मांडलेलं ते वेगळं पान, आणि समोर पहारा करत बसलेली मी, हेच डोळ्यांपुढे येत होतं. सव्वीस वर्षं मी त्यांना एकट्यालाच जेवू घातलं होतं.